कृत्रिम दगड

कृत्रिम दगड म्हणजे नैसर्गिक खनिजांचा चुरा किंवा भुकटी राळ, सिमेंट अथवा उष्णता व दाब यांच्या साहाय्याने पुन्हा एकसंध करून तयार केलेली लादी होय. स्वयंपाकघरातील ओटे, मेजांचे पृष्ठभाग, कपाटांची दारे आणि दिव्यांची आच्छादने यांसाठी तिचा उपयोग करतात. बाजारात तिला प्रकारानुसार ‘क्वार्ट्झ’, ‘सॉलिड सरफेस’ व ‘सिंटर्ड स्टोन’ अशी नावे आहेत. ‘कृत्रिम’ या विशेषणामुळे हा पदार्थ प्लॅस्टिकच्या जातीचा असावा असा समज होतो. वस्तुतः त्याचा बहुतांश भाग खनिजच असतो.

पूर्वपीठिका

बुलढाणा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांची समाधी पाहिली, की या भागातील दगडी कामाची जुनी परंपरा ध्यानात येते. तथापि बेसाल्टाचे थर सहजासहजी सुटत नाहीत. त्यामुळे घरातील पातळ फरशी बहुधा बाहेरून आली. कर्नाटकातील शहाबादी, आंध्र प्रदेशातील कडप्पा आणि राजस्थानातील कोटा हे तिन्ही चुनखडक होत. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला तर तेथील झळाळी जाते, हा अनुभव बहुतेक गृहिणींना असेल. आम्लाची चुनखडकाशी होणारी अभिक्रिया हे त्याचे कारण.

संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून, घासून गुळगुळीत केलेली ‘मोझॅक’ फरशी हा महाराष्ट्राच्या ओळखीचा पहिला कृत्रिम दगड म्हणता येईल. तिचे मूळ व्हेनिसच्या ‘टेराझो’ या कारागिरीत आहे. मुंबईत फिरोजशा व रुस्तम सिधवा यांनी स्वदेशी चळवळीच्या प्रेरणेने १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्स ही संस्था स्थापन केली आणि परदेशी फरशीस देशी पर्याय उभा केला. शाळा, दवाखाने, बसस्थानके यांमधून मोझॅक पुढे गावोगावी पोचले. पुढे ते जुनाट ठरले. आता मात्र तेच रूप मेजांवर व दिव्यांच्या बैठकांवर परतले आहे.

प्रकार

क्वार्ट्झ लादीत वजनाने सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक गारेचा चुरा असतो. उरलेला भाग पॉलिएस्टर राळ व रंगद्रव्ये यांचा. हे मिश्रण निर्वात अवस्थेत कंपने देत दाबतात, त्यामुळे आत हवेचे पोकळ बुडबुडे राहत नाहीत. नंतर ते भट्टीत तापवून घट्ट करतात. ही पद्धत इटलीतील ब्रेटन या यंत्रनिर्मिती कंपनीने विकसित केली. गार आम्लास दाद देत नाही, म्हणून लिंबू वा आमसूल यांचे भय नाही. राळ मात्र उष्णता सोसत नाही. चुलीवरून उतरवलेला तवा थेट ठेवल्यास पांढरट किंवा पिवळसर डाग पडतो व तो जात नाही. कडक उन्हातही ती पिवळी पडते, म्हणून अंगणातील बाकांसाठी ही लादी योग्य नव्हे.

सॉलिड सरफेस या प्रकारात अॅल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइडची भुकटी अॅक्रिलिक राळेत मिसळलेली असते. ड्यूपाँ कंपनीचे ‘कोरियन’ १९६० च्या दशकात आले. तापवल्यावर हा पदार्थ वाकतो आणि पातळ असल्यास त्यातून मंद प्रकाश झिरपतो. या दोन गुणांमुळे दीपरचनाकारांनी तो उचलला. पूर्वीच्या तापणाऱ्या दिव्यांजवळ राळयुक्त आवरण ठेवणे जोखमीचे होते. एलईडी दिव्यांची उष्णता कमी असल्याने ती अडचण बरीचशी दूर झाली.

सिंटर्ड स्टोनमध्ये राळ नसते. फेल्स्पार, सिलिका व माती यांची भुकटी प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १,२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजतात. कण पूर्ण न वितळता एकमेकांस चिकटतात. खनिजाचे रूप दाबाने कसे पालटते याचे निसर्गातील उदाहरण याच जिल्ह्यात आहे, जरी तेथील क्रिया सर्वस्वी वेगळी: लोणारच्या विवरात अशनीच्या आघाताने बेसाल्टातील फेल्स्पार काचरूप झाले, त्यास मॅस्केलिनाइट म्हणतात. सिंटर्ड लाद्या ३ मिलिमीटर इतक्या पातळही मिळतात आणि त्या लाकडी कपाटाच्या दारावर चिकटवता येतात.

कामगारांचे आरोग्य

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू हीच असून, विक्रीच्या माहितीपत्रकांत तिला क्वचितच जागा मिळते. क्वार्ट्झ लादी कोरडी कापली की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. ग्रॅनाइटपेक्षा या लादीत सिलिकाचे प्रमाण कितीतरी अधिक असते. फुप्फुसात खोलवर गेलेल्या या कणांमुळे सिलिकोसिस होतो. फुप्फुसाची ऊती कठीण होत जाते आणि झालेली हानी भरून येत नाही. इस्रायलमधील डॉक्टरांनी फुप्फुस प्रत्यारोपणासाठी आलेल्या अशा कामगारांविषयी २०१२ मध्ये लिहिले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या लादीचे उत्पादन, पुरवठा व बसवणे यांवर बंदी घातली. भारतात कायद्यानुसार सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. परंतु ओटा कापणारे कारागीर बहुधा कारखान्यात नव्हे, तर घराच्या ओसरीत किंवा रस्त्याकडेला काम करतात.

बसवलेल्या, न कापलेल्या ओट्यापासून वापरणाऱ्यास हा धोका नसतो. कापताना पात्यावर पाण्याची सतत धार, धूळ ओढून घेणारे यंत्र आणि सूक्ष्म कण अडवणारा मुखवटा आवश्यक असतो. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे कण सहज आत जातात. सिंकचे व शेगडीचे माप आधी देऊन लादी कार्यशाळेतच ओल्या पद्धतीने कापून घेतल्यास घरात कापण्याचे काम फारच थोडे उरते.