मोडेम घरचा घ्यावा की कंपनीचा?



नेप्तीच्या उपबाजारात कांदा नेण्याआधी भाव पाहायचा असतो, ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज भरायचा असतो, सातबाराचा उतारा काढायचा असतो. मुलांच्या प्रवेशाच्या अर्जाला तर तारीख ठरलेली असते. एका माणसाचे काम मोबाईलवर भागते. पण शिकणारी दोन मुले आणि गोठ्यावर कॅमेरा असला की घरात इंटरनेटची लाइन घ्यावी लागते. केडगाव आणि आसपासच्या वस्त्यांवर अशा लाइनी आता पुष्कळ झाल्या आहेत. लाइन घेताना दरमहाचे बिल सारे विचारतात. भिंतीवर टांगल्या जाणाऱ्या डबीचा मालक कोण, हे मात्र फार थोडे विचारतात. पुढची भांडणे बहुधा त्या डबीवरूनच होतात.

लाइन कोणती ते आधी ओळखा

तीन फेजची मोटर एका फेजवर चालत नाही, तसेच मोडेमचे आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेला एक मोडेम लागतो. टीव्हीच्या जाड काळ्या केबलला दुसरा लागतो, त्याला केबल मोडेम म्हणतात. काचेच्या बारीक तंतूच्या, म्हणजे फायबरच्या लाइनीला तिसरे यंत्र लागते, त्याचे नाव ओएनटी. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. नव्या लाइनी बहुतेक फायबरच्याच असतात. म्हणून दुकानात 'केबल मोडेम द्या' म्हणून वस्तू घेऊन येऊ नका. लाइन कशाची आहे ते आधी विचारा.

फायबरमध्येही जीपॉन आणि ईपॉन अशा दोन पद्धती आहेत. दोन्हींवर चालणारी यंत्रे एक्सपॉन या नावाने मिळतात. पण पद्धत जुळली म्हणजे काम झाले असे नव्हे. यंत्राचा अनुक्रमांक कंपनीने आपल्या कार्यालयात नोंदवल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. काही कंपन्या बाहेरचे यंत्र नोंदवतच नाहीत. जुनी ओएनटी स्वस्तात मिळाली तरी ती आधीच्या कंपनीला बांधलेली असू शकते.

यंत्र आपले की भाड्याचे, हा प्रश्न जुनाच

वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. तेव्हा यंत्र गावाच्या केंद्रात असे. पुढे २००७ च्या सुमारास त्यातल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशांवर काम करून पाहण्यात आले, कारण यंत्रांची देखभाल आणि वीज जड जात होती. यंत्र आणणे सोपे, ते सांभाळणे अवघड, हा धडा आजही खरा आहे.

भारत संचार निगमचे ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरून आले, तेव्हा मोडेम विकत किंवा भाड्याने घेण्याची सोय होती. अमेरिकेत केबल कंपन्या मोडेमचे दरमहा भाडे घेतात, म्हणून तिथली बरीच कुटुंबे, त्यांत आपली मराठी कुटुंबेही, स्वतःचा मोडेम विकत घेतात. ग्राहक स्वतःचे यंत्र वापरत असेल तर कंपनीने भाडे आकारू नये, असा कायदाही तिथे २०२० च्या अखेरीस लागू झाला. आपल्याकडे मात्र बिलाची पावती वाचून आपला हिशेब आपणच करावा लागतो.

हिशेब असा करा

समजा, यंत्राचे भाडे महिना १०० रुपये आहे आणि तेच यंत्र बाजारात २,००० रुपयांना मिळते. २० महिन्यांत पैसे फिटले. त्यापुढे लाइन ठेवणार असाल तर विकत घेणे परवडते. पण भाडे नसेल आणि अनामत परत मिळणार असेल, तर विकत घेण्यात शहाणपण नाही. भाड्याचे यंत्र बिघडले तर बदलून देण्याची जबाबदारी बहुधा कंपनीची असते. आपले बिघडले तर खर्च आपला.

माझा सल्ला मधल्या वाटेचा आहे. लाइनीच्या टोकाची ओएनटी कंपनीचीच राहू द्यावी. घरभर वाय-फाय पसरवणारा राउटर मात्र आपला घ्यावा. उद्या कंपनी बदलली तरी बहुधा तो तसाच चालतो, आणि एकाच केबलवाल्याच्या दारात अडकून पडावे लागत नाही.

पैसे देण्याआधी विचारून घ्या

१) यंत्र विकत दिले आहे, भाड्याने की अनामतीवर? पावतीवर तसे लिहून घ्या.
२) लाइन बंद केल्यावर अनामत किती दिवसांत परत मिळेल?
३) आमचे यंत्र आणले तर नोंदवून द्याल का?
४) बिघाड झाला तर कोण येणार, खर्च कोणाचा?

पावती घरातल्या माणसाच्या नावाने असावी आणि तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक असावा. यंत्र परत करताना पोच घ्यायला विसरू नका.

वीज आणि वळीव

काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण यंत्राचा अॅडॉप्टर विजेवरच चालतो. मे महिन्यात ढग गडगडू लागले की अॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवावा. टीव्हीच्या केबलची लाइन असेल तर ती तारही काढावी, पण ढग जवळ येण्याआधी. अॅडॉप्टर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा असावा.

असे यंत्र साधारण १० वॅट घेते. दिवसरात्र चालले तरी महिन्याला सुमारे ७ युनिट होतात. वीज गेल्यावर काम अडू नये म्हणून १२ व्होल्टची छोटी बॅटरी मिळते. ती घेताना यंत्रावरचा व्होल्टचा आकडा जुळतो का ते पाहा.

जागा आणि जपणूक

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवावा. जाड दगडी भिंत आणि पत्रा वाय-फाय अडवतात, म्हणून गोठ्यापर्यंत ते पोचेलच असे समजू नका. फायबरची तार खिळ्याला गुंडाळू नका, तिला तीव्र वळण देऊ नका. तिच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

लाइन जोडून झाल्यावर प्रकाशाची पातळी किती आली ते कारागिराकडून लिहून घ्या. ती साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावी. उणे २७ च्या फार जवळ असेल तर जोड तपासायला सांगा. यंत्रावर लाल दिवा लागला तर दोष बहुधा लाइनीत असतो. अशा वेळी नवे यंत्र घेण्याची घाई करू नये.

शेवटी, यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. लाइनीची पावतीही त्याच वहीत, बी-बियाण्यांच्या पावत्यांशेजारी जपून ठेवा.