ओहायोची सीमा आणि शेजाऱ्याची रायफल

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा रायफलचा हंगाम सुरू होतो. २०१८ पर्यंत तो सोमवारी सुरू व्हायचा, आणि ग्रामीण भागातल्या कितीतरी शाळा आजही त्या सोमवारी बंद असतात. आमच्या बीव्हर काउंटीत नोव्हेंबर लागला की किराणा दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत भडक नारिंगी जाकिटं दिसू लागतात. ज्यांचे गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत, अशी म्हातारी माणसं याच सुमारास आपल्या बंदुका विकायला काढतात.

आमचे शेजारी त्यांपैकीच एक. उमेदीची वर्षं त्यांनी पोलाद कारखान्यात काढली. पत्नी गेली, मुलंबाळं नाहीत. घरात तीन हत्यारं: रेमिंग्टन ७०० ही बोल्टची रायफल, एक शॉटगन आणि पत्नीचं रिव्हॉल्वर. रायफल ओहायोत यंग्जटाउनला राहणाऱ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाला विकायची, शॉटगन चर्चमधल्या ओळखीच्या माणसाला आणि रिव्हॉल्वर भाच्याला, असं त्यांनी ठरवलं होतं. कायदा काय सांगतो, हे विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगत होता. कोणी म्हणालं, खासगी विक्रीला कागदच लागत नाही. कोणी म्हणालं, प्रत्येक बंदूक शेरीफकडे न्यावी लागते. शेवटी ते परवानाधारक विक्रेत्याकडे निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो.

‘लांब बंदूक म्हणजे नेमकी केवढी?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. दुकानदाराने तोंडी उत्तर दिलं नाही. बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी असल्याची त्याने बोट घालून खात्री केली. मग बोल्ट बंद केला आणि नळीच्या तोंडातून एक लाकडी दांडी हलकेच आत सोडली. बंद बोल्टला दांडी टेकली, तशी नळीच्या टोकाशी त्याने पेन्सिलीने खूण केली, दांडी बाहेर काढून टेपला लावली. बावीस इंच. नळी अशीच मोजायची, टोकापासून बंद बोल्टपर्यंत. रायफलची नळी सोळा इंचांहून कमी, शॉटगनची अठराहून कमी किंवा कुठल्याही बंदुकीची एकूण लांबी सव्वीसहून कमी भरली, तर पेनसिल्व्हेनियाचा कायदा तिला पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या पंक्तीला बसवतो. त्याहून लांब असेल तर खासगी विक्रीचं राज्याचं बंधन तिला लागू होत नाही.

म्हणून रिव्हॉल्वरचा मार्ग ठरलेला होता. ते खासगी व्यक्तीला विकायचं तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा काउंटीच्या शेरीफच्या कचेरीतून, खरेदीदाराची पडताळणी झाल्यावरच. सूट आहे ती पती-पत्नी, आईवडील आणि मुलं, आजी-आजोबा आणि नातवंडं एवढ्यांनाच. भाचा त्यात बसत नाही. सख्खा भाऊही बसत नाही. हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांना वाईट वाटलं, पण गोंधळ नव्हता.

गोंधळ लांब बंदुकांचा. चर्चमधला माणूस याच राज्यात राहतो. त्याला शॉटगन द्यायला फॉर्म नाही, फोन नाही, नोंद नाही. अंगणात पैसे घ्यायचे आणि बंदूक द्यायची. यंग्जटाउनच्या तरुणाचं घर गाडीने फार दूर नाही, आणि ओहायोतही खासगी विक्रीसाठी राज्याची पडताळणी नाही. म्हणजे दोन्ही राज्यं काही विचारत नाहीत, म्हणून हा व्यवहारही अंगणात उरकावा, असं कुणालाही वाटेल. इथेच माणसं फसतात. १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यानुसार खासगी माणसाने दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला बंदूक विकणं गुन्हा आहे, भेट म्हणून देणंसुद्धा. मध्ये परवानाधारक विक्रेता हवाच. मृत्युपत्रातून मात्र तीच रायफल त्याच तरुणाला थेट मिळू शकते. शेजारी हे ऐकून बराच वेळ गप्प होते.

काही दिवसांनी यंग्जटाउनचा तरुण त्याच दुकानात आला. त्याच्यापुढे फॉर्म ४४७३ ठेवला गेला. नाव, पत्ता, जन्मस्थान, आणि मग हो-नाहीच्या चौकटी: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, फरारी आहात का, घरगुती हिंसाचारात दोषी ठरला आहात का, न्यायालयाने मनोरुग्णालयात पाठवलं होतं का. अमली पदार्थांच्या प्रश्नाशी दुकानदाराने बोट ठेवलं. ओहायोत २०२३ पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. केंद्राच्या लेखी तो अजूनही बेकायदा, आणि फॉर्मवर तशी ठळक सूचना छापलेली असते. तरुणाने प्रत्येक ओळ वाचून खूण केली. पेनसिल्व्हेनियात ही पडताळणी राज्य पोलिसांची यंत्रणा करते. दुकानदाराने माहिती पाठवली, थोड्या वेळाने मंजुरी आली, तिचा क्रमांक फॉर्मवर चढला. रायफलची नोंद वहीत दोनदा झाली, आली तेव्हा आणि गेली तेव्हा. एवढंच काम. कोणाचा अपमान झाला नाही, कोणाचा हंगाम बुडाला नाही.

मग हीच तपासणी शेजारच्या शॉटगनला का नको? दोन्ही बंदुका एकाच भिंतीवर टांगलेल्या होत्या. एकीचा खरेदीदार सीमेपलीकडचा निघाला म्हणून कायद्याने तो कोण आहे हे तपासलं. दुसरीचा खरेदीदार कोण, हे विक्रेत्यानेच ओळखायचं. बंदूक बाळगायला बंदी असलेल्या माणसाला, ते ठाऊक असताना किंवा तसं वाटायला सबळ कारण असताना ती विकणं केंद्रीय गुन्हा आहेच. पण सामान्य विक्रेत्याला पडताळणीची यंत्रणा थेट वापरता येत नाही. जबाबदारी त्याच्यावर टाकायची आणि साधन त्याच्या हाती द्यायचं नाही, हा या प्रामाणिक माणसांवर अन्याय आहे.

तपासणीविना होणाऱ्या विक्रीची किंमत काय असते ते टेक्सासने पाहिलं आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलंड आणि ओडेसा परिसरात सात जणांचा जीव घेणारा माणूस २०१४ मध्ये दुकानातल्या तपासणीत नापास झाला होता. त्याला रायफल मिळाली ती खासगी विक्रीतून.

आमच्या सीमेला लागून असलेल्या राज्यांची तऱ्हा आणखी निराळी. न्यूयॉर्कने २०१३ पासून जवळचे नातेवाईक वगळता सगळ्या खासगी विक्रीला पडताळणी लावली. मेरीलंडने लांब बंदुकांची खासगी विक्री ऑक्टोबर २०२१ पासून तिच्याखाली आणली. वेस्ट व्हर्जिनियात ती नाही. एकाच राज्याच्या चार बाजूंना चार नियम असतील, तर तोंडी सल्ल्यांचं पीक येणारच. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिगृहाने लांब बंदुकांनाही पडताळणी लावणारं विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमधून ते पार पडलं नाही. मिशिगनमध्ये पूर्वी पेनसिल्व्हेनियासारखाच फक्त लहान बंदुकांपुरता नियम होता. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे तो लांब बंदुकांनाही लागू झाला. शिकार तिथेही जोरात चालते.

माझं बालपण सिंधुदुर्गात गेलं. रानडुकरांपासून भातशेती वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक ठेवणारी घरं गावात होती, आणि निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याची बंदूक विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, आणि तिथे नळीच्या लांबीने सुटका होत नाही. तो कायदा इथे जसाच्या तसा आणावा असं मी म्हणणार नाही. इथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क आहे. पण विकणाऱ्याने कोणाला विकतो हे कोणाला तरी सांगावं, एवढी अपेक्षा मला दोन्ही देशांत रास्त वाटते.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांना यात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद. दुकानात फॉर्म ४४७३ हा प्रश्न स्पष्ट विचारतो. अंगणातल्या विक्रीत तो कोणी विचारत नाही, आणि कागद मागितला नाही म्हणजे परवानगी आहे, अशी समजूत नव्याने आलेल्या तरुणांमध्ये मी ऐकली आहे. त्या एका समजुतीपायी तुरुंग आणि हद्दपारी, दोन्ही ओढवू शकतात. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची मनाई नाही, पण दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी व्यवहार करताना सीमेचा नियम त्यांनाही लागू आहेच.

आमच्या शेजाऱ्यांनी शेवटी शॉटगनही दुकानदारामार्फतच विकली. कायद्याने तसं बंधन नव्हतं. चर्चमधल्या माणसाने तक्रार न करता फॉर्म भरला आणि दुकानदाराची फी दोघांनी अर्धी अर्धी दिली. ज्यांच्या घरी रायफल किंवा शॉटगन विकायला निघाली असेल त्यांनी, खरेदीदार कितीही ओळखीचा असो, हेच करावं.