झगमग आणि ग्लिटर

कांदिवली पश्चिमेला महावीरनगरात दिवेलागणीनंतर दुकानं झगमगतात, काचा झळकतात, दागिन्यांना झळाळी येते. प्रत्येक वेळी ‘झ’. इंग्रजीतही ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन हे सगळे ‘ग्ल’नेच सुरू होतात आणि उजेडाचंच बोलतात. उजेडाला आवाज नसतो. म्हणून हे ‘खडखड’सारखं ध्वनीचं अनुकरण नव्हे. नवल आहे ते इथेच!

भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० साली अशा ध्वनिगुच्छांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. यातल्या काही शब्दांचं मूळ खरोखर एकच असतं. बाकीचे बोलणाऱ्यांच्या कानाच्या सवयीने त्या गोतावळ्यात ओढले जातात. हा नियम मात्र नाही: ‘ग्लव्ह’चा किंवा ‘झाडा’चा उजेडाशी काही संबंध नाही.