सिंहाच्या काळजाचा राजा

मुलांनो, लंडनला ब्रिटिश संसदेच्या बाहेर घोड्यावर बसलेल्या एका राजाचा पुतळा आहे. हातात उंच उगारलेली तलवार! हा इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, म्हणजेच 'सिंहहृदयी रिचर्ड'. रॉबिन हूडच्या गोष्टींत शेवटी परत येऊन सगळं ठीकठाक करणारा राजा असतो ना, तोच हा. पण गोष्टीतला रिचर्ड वेगळा आणि इतिहासातला वेगळा, बरं का!

रिचर्डचा जन्म ११५७ सालचा, ऑक्सफर्डचा. त्याचं तरुणपण मात्र बरंचसं फ्रान्समध्ये, आईच्या मुलखात गेलं. ११८९ साली तो इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याआधी दोनच वर्षं सुलतान सलादिनने जेरुसलेम जिंकून घेतलं होतं. ते परत मिळवायला युरोपातले राजे निघाले. हेच तिसरं क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्ध.

युद्धाला पैसा हवा. रिचर्डने सरकारी हुद्दे आणि जमिनी विकायला काढल्या. गिऱ्हाईक मिळालं तर आपण लंडनसुद्धा विकू, असं तो म्हणाल्याचं त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेवलं आहे!

रणांगणात मात्र त्याला तोड नव्हती. ११९१च्या जुलैमध्ये एकर शहर पडलं आणि सप्टेंबरमध्ये अर्सुफची लढाई त्याने जिंकली. पण या दोन विजयांच्या मध्ये एक काळा दिवस आहे. कैद्यांच्या सुटकेची ठरलेली रक्कम वेळेवर आली नाही, म्हणून रिचर्डने सुमारे २,७०० कैद्यांना ठार मारलं. हात बांधलेल्या माणसांना मारण्यात कसलं आलंय शौर्य?

जेरुसलेम काही त्याला मिळालं नाही. ते जिंकलं तरी राखता येणार नाही, हे ओळखून तो दोनदा जवळ जाऊन मागे फिरला. तो आजारी पडला, तेव्हा सलादिनने त्याला फळं आणि बर्फ पाठवला. शत्रू असावा तर असा! ११९२ साली दोघांनी तह केला. शहर सलादिनकडेच राहिलं, पण ख्रिस्ती यात्रेकरूंना तिथे जायची मोकळीक मिळाली.

परतताना रिचर्ड वेश पालटून निघाला होता. तरी व्हिएन्नाजवळ तो पकडला गेला. ऑस्ट्रियाच्या ड्यूकने त्याला जर्मन सम्राटाच्या हवाली केलं. सुटकेची किंमत ठरली १,५०,००० मार्क. त्यातले १,००,००० दिल्यावर ११९४ साली तो सुटला. म्हणजे वीस हजार किलोंहून जास्त चांदी! ती आली कुठून? लोकांवर उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाचा कर बसला. चर्चमधली चांदीची भांडी गेली, मठांची लोकर गेली.

एवढं करून सोडवलेला राजा दोनच महिन्यांत फ्रान्सला गेला, तो पुन्हा कधी इंग्लंडला आलाच नाही. दहा वर्षांच्या कारकिर्दीत तो आपल्या राज्यात जेमतेम सहा महिने राहिला. ११९९ साली फ्रान्समधल्या शालू इथल्या एका लहानशा किल्ल्याला वेढा असताना त्याला बाण लागला. जखम चिघळली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला.

त्याचं शरीर आणि ते प्रसिद्ध हृदय वेगवेगळ्या ठिकाणी पुरलं. दोन्ही जागा फ्रान्समध्ये! रुआँच्या चर्चमध्ये ठेवलेलं हृदय १८३८ साली शिशाच्या डबीत सापडलं. तोवर त्याची भुकटी झाली होती.

आता आज जेवताना आई-बाबांना एक प्रश्न विचारा. शूर माणूस आणि चांगला राजा, या दोन्ही गोष्टी एकच का? आणि उत्तर देण्याआधी, ती चांदी भरणाऱ्या लोकांचाही विचार करा हं!