गजकर्ण
गजकर्ण : (नायटा). त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत कोशिकांचा थर, केस व नखे यांत वाढणाऱ्या विशिष्ट कवकांमुळे (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित सजीवांमुळे) होणाऱ्या सांसर्गिक रोगास ‘गजकर्ण’ म्हणतात. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम व एपिडर्मोफायटॉन या प्रजातींतील कवके त्यास कारणीभूत असतात. त्वचेतील केराटीन या कठीण प्रथिनावर ती उपजीविका करतात. रोग्याचा स्पर्श, त्याचे कपडे, पंचा व कंगवा, तसेच बाधित कुत्री-मांजरे यांद्वारे संसर्ग पसरतो. उष्ण व दमट हवा, घाम आणि घट्ट कपडे त्याच्या वाढीस पोषक ठरतात.

लक्षणे : जांघा, कंबर, काखा वा चेहरा यांवर लालसर, खाजणारा चट्टा उठतो. तो कडेने वाढत जातो व मध्यभागी निवळतो, त्यामुळे त्यास कड्यासारखा आकार येतो. कड किंचित उंच व खवलेयुक्त असते. डोक्याचा गजकर्ण मुख्यत्वे मुलांत आढळतो. त्यात केस मुळाजवळ तुटतात व त्या जागी कोंड्यासारखे खवले दिसतात. याउलट चाई या विकारात केस गेलेली जागा गुळगुळीत असते. नखे बाधित झाल्यास ती जाड, पिवळट व ठिसूळ होतात.

निदान : इसब, विचर्चिका व कुष्ठरोग यांतील चट्टे कधीकधी गजकर्णासारखे दिसतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना बहुधा कमी झालेली असते. संशय असल्यास चट्ट्याच्या कडेवरील खवले बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात व त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडाचा १०–२० टक्के विद्राव टाकतात. त्याने केराटीन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवकाचे शाखायुक्त तंतू दिसतात. ही तपासणी साधी, स्वस्त व थोड्या वेळात होणारी आहे. कवकाची जाती ओळखण्यासाठी संवर्धन करावे लागते. त्यास काही आठवडे लागतात. वुड दीपाच्या जंबुपार प्रकाशात मायक्रोस्पोरम कॅनिस या कवकाने बाधित केस हिरवट चमकतात. ट्रायकोफायटॉनाच्या बहुतेक जातींमुळे मात्र अशी चमक दिसत नाही. म्हणून चमक नसणे हा रोग नसल्याचा पुरावा होत नाही.

चिकित्सा : ग्रिझिओफल्व्हीन हे द्रव्य १९३९ मध्ये एका पेनिसिलियम कवकापासून वेगळे करण्यात आले, तोंडाने दिल्यास ते गजकर्णावर गुणकारी असल्याचे १९५८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. त्यानंतर इट्राकोनॅझोल, टर्बिनाफीन इ. औषधे उपलब्ध झाली. मर्यादित चट्ट्यांवर कवकनाशक मलम पुरते. विस्तृत रोग आणि केस व बहुतेक नखे यांच्या संसर्गात पोटातून औषध द्यावे लागते.

स्टेरॉइडयुक्त मलमे १९५२ पासून इसबासारख्या विकारांत मोलाची ठरली आहेत. गजकर्णावर मात्र ती अपायकारक होतात. त्यांनी शोथ (दाहयुक्त सूज) दबतो व खाज एक-दोन दिवसांत थांबते. परंतु शरीराची स्थानिक प्रतिकारशक्ती क्षीण होऊन कवक निर्वेध वाढते. कड अस्पष्ट झाल्याने रोग ओळखणेही कठीण होते. मलम थांबवताच खाज उसळते, म्हणून रोगी ते पुन्हा लावतो. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते व जांघेत कायमचे पट्टे उमटतात. भारतात स्टेरॉइड, कवकनाशक व प्रतिजैविक यांची मिश्र मलमे वैद्यकीय सल्ल्यावाचून सर्रास वापरली गेल्याने चिवट गजकर्णाची समस्या तीव्र झाली आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांवर वैद्याच्या चिठ्ठीचे बंधन घातले. भारतात प्रबळ असलेल्या कवकास २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव देण्यात आले. जनुकीय बदलांमुळे त्याच्या अनेक वाणांवर टर्बिनाफीन निष्प्रभ ठरते.

खाज थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही वैद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध चालू ठेवणे आवश्यक असते.

प्रतिबंध : त्वचा कोरडी ठेवावी. सैल सुती कपडे वापरावेत. पंचा, कंगवा व अंतर्वस्त्रे प्रत्येकाची वेगळी असावीत; ती गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत. घरातील सर्व बाधित व्यक्तींवर एकाच वेळी उपचार न केल्यास रोग पुनःपुन्हा उद्‌भवतो.