उघडं पोलाद

तळोजा एमआयडीसीतल्या या शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू होतो आणि बोलणं संपतं. ब्लास्टिंगच्या खोलीत जाड एप्रन आणि हवेची नळी जोडलेलं हेल्मेट चढवलेला माणूस होज काखेत दाबून उभा आहे. नोझलमधून सुमारे सात किलोच्या दाबानं स्टीलची ग्रिट गर्डरवर आदळते. पूर्वी या कामाला सर्रास वाळू वापरत. तिच्या धुळीनं सिलिकोसिस होऊन किती ब्लास्टरांची फुप्फुसं गेली, कोण मोजणार?

गर्डरवरची निळसर काळी मिल स्केल उडतेय. नवख्याला वाटेल, एवढी घट्ट साल खरवडायची कशाला? पण रोलिंग मिलमधून सोबत आलेली ही पापडी पुढेमागे तडकते, फटीत पाणी शिरतं आणि तिच्याखालचं पोलाद गंजत जातं. वरचा रंग कितीही भारी असो. आता तिच्या जागी करडा, पॉलिश पेपरासारखा खरखरीत पृष्ठभाग दिसतोय. हेल्पर त्यावर बोटं फिरवायला जातो.

"हात नको लावू रे!" सुपरवायझर खेकसतो. घामातलं मीठही गंजाला पुरतं.

सप्टेंबर आहे, खाडीवरची हवा ओली. सुपरवायझर आर्द्रता मोजतो: ८२ टक्के. ८५च्या वर रंग मारायचा नाही. दवबिंदू २५ अंश, पोलाद २९. निदान तीन अंशांचा फरक हवा, आहे.

मग घाई. झिंक इपॉक्सी प्रायमरमध्ये हार्डनर पडतो. जस्ताची भुकटी तळाशी बसते म्हणून स्टरर फिरताच ठेवायचा. वेल्ड, भोकं आणि धारदार कडा आधी ब्रशनं. तिथून ओला रंग मागे सरतो. मग एअरलेस गन. हिच्यातल्या दाबानं रंग कातडीत घुसू शकतो, म्हणून पेंटर थांबला की ट्रिगरला लॉक लावतो. फूटभर अंतर, मनगट न वळवता सरळ हात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. मधूनच ओल्या थरात दातेरी पट्टी टेकवून तो जाडी बघतो, मान डोलावतो. मला तर या हातापुढे डब्यावरचं ब्रँडचं नाव दुय्यम वाटतं.

बाहेर भरून येतं. पुन्हा मोजणी: ८७. दुसरा गर्डर ब्लास्टिंगच्या खोलीत नेत होते, तो दारातच अडवला जातो. आत्ता सोलला तर रंगाआधीच लाली धरेल.

"ठेकेदाराचा फोन आहे," हेल्पर सांगतो, "ट्रेलर उभा आहे म्हणतायत."

"राहू दे उभा."