कर्जवसुलीच्या दाव्यातील गैरहजेरी : कायदेशीर परिणाम व उपलब्ध उपाय

प्रस्तावना

आजरा तालुक्यात घर गावी आणि कर्ता माणूस मुंबई-पुण्यास, ही विभागणी जुनी आहे. कर्जाच्या कागदावरील पत्ता मात्र बहुधा गावचाच असतो. न्यायालयाचे समन्स त्या पत्त्यावर येते आणि घरच्या कपाटात राहते. 'देण्यास पैसेच नाहीत, तर न्यायालयात जाऊन सांगायचे काय?' या विचाराने अनेक कर्जदार तारखेस जात नाहीत. पतसंस्थेच्या कर्जास जामीन राहिलेले शिक्षक, प्राध्यापक व अन्य नोकरदारही 'कर्ज आपले नाही' या समजुतीने नोटीस बाजूस ठेवतात. या गैरहजेरीचे कायदेशीर परिणाम काय होतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला व कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले. उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर जी कारणे आली, त्यांत एकतर्फी हुकूमनाम्यांचे कारण महत्त्वाचे होते. निरक्षर शेतकरी न्यायालयात जात नसे आणि सावकाराचा रोखा हाच अंतिम पुरावा ठरे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने प्रतिवादी शेतकऱ्याची साक्ष घेण्याची व रोख्यामागील व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्यास अटक करण्यासही त्याने मनाई केली. हा कायदा आज अस्तित्वात नाही. आजच्या दिवाणी प्रक्रियेत आपली बाजू मांडण्याचा भार प्रामुख्याने प्रतिवादीवरच आहे.

समन्सची बजावणी व एकतर्फी हुकूमनामा

समन्स न स्वीकारल्यास दावा थांबतो, हा समज चुकीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ५ नुसार प्रतिवादी घरी नसल्यास काही अटींवर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येते. ते नाकारल्यास बेलिफ दारावर प्रत चिकटवू शकतो. टपालाने आलेले समन्स नाकारल्याचा शेरा असल्यास न्यायालय बजावणी झाल्याचे जाहीर करते.

बजावणीनंतर प्रतिवादी गैरहजर राहिल्यास आदेश ९ अन्वये दावा एकतर्फी चालतो. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यावयाची असते व न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. रोख्यावर आधारित संक्षिप्त दाव्यात (आदेश ३७) तर बजावणीपासून १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते, अन्यथा वादीचे कथन मान्य असल्याचे धरले जाते.

कैफियत दिली नाही म्हणून न्यायालयाने डोळे झाकून हुकूमनामा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बलराज तनेजा प्रकरणात (१९९९) सांगितले आहे. मुदतबाह्य दावाही बचाव नसला तरी फेटाळावाच लागतो. तथापि भरलेले हप्ते खात्यास जमा झाले नाहीत, व्याजाची आकारणी चुकीची आहे किंवा सही आपली नाही, या गोष्टी प्रतिवादीवाचून कोण सांगणार? शिवाय हुकूमनामा देताना न्यायालय सबळ कारणास्तव हप्ते बांधून देऊ शकते. हुकूमनाम्यानंतर मात्र त्यासाठी हुकूमनामाधारकाची संमती लागते. ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने न्यायालयात जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच होय.

हुकूमनाम्याची अंमलबजावणी

हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते. स्थावर-जंगम मालमत्तेची जप्ती व लिलाव आणि वेतनाची जप्ती हे त्याचे मुख्य मार्ग होत. कलम ६० नुसार वेतनातील पहिले १,००० रुपये व उर्वरित रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. म्हणजे जप्तीसाठी हिशेबात येणारे वेतन ६१,००० रुपये असल्यास दरमहा २०,००० रुपयांपर्यंत जप्ती होऊ शकते. एकाच हुकूमनाम्यापोटी ही जप्ती एकूण २४ महिन्यांपर्यंतच चालते. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असल्याने हे सारे त्यासही लागू पडते. शेतकऱ्याची अवजारे व राहते घर यांस त्याच कलमाचे संरक्षण आहे. पण एखादी वस्तू संरक्षित आहे की नाही, हा वाद उद्भवल्यास हरकत कर्जदारानेच घ्यावी लागते.

दिवाणी तुरुंगाबाबतही हेच दिसते. केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडणाऱ्यास तुरुंगात टाकता येणार नाही, असे जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीस अटक होत नाही. परंतु कारणे दाखवा नोटिशीस कर्जदार हजर झाला नाही, तर हुकूमनामाधारकाच्या मागणीवरून अटक वॉरंट निघते. आपली गरिबी सिद्ध करण्यासाठीही हजर राहावे लागते.

सहकारी संस्थांची वसुली व धनादेश प्रकरणे

सहकारी पतसंस्था बहुधा दिवाणी न्यायालयात जात नाहीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ अन्वये निबंधक चौकशी करून वसुली दाखला देतो व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. या चौकशीची नोटीस दुर्लक्षिणे विशेष महागात पडते. कारण दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करावयाचा झाल्यास वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण (कलम १३८) याहून वेगळे आहे. तो फौजदारी खटला असून तेथील गैरहजेरीने थेट वॉरंट निघू शकते.

गैरहजेरीनंतरचे उपाय

दावा प्रलंबित असेपर्यंत सबळ कारण दाखवून एकतर्फी आदेश रद्द करून घेता येतो. तो रद्द न झाला तरी पुढील कामकाजात भाग घेण्याचा हक्क उरतो, असे संग्राम सिंह प्रकरणात (१९५५) ठरले आहे. हुकूमनामा झाल्यावर आदेश ९ नियम १३ खाली ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्सची रीतसर बजावणी झालीच नसेल, तर ही मुदत हुकूमनामा समजल्यापासून मोजतात. मात्र तारखेची माहिती व हजर होण्यास पुरेसा अवधी असूनही केवळ बजावणीतील तांत्रिक दोष दाखविल्यास हुकूमनामा रद्द होत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोडीचा मार्गही खुला असतो.

निष्कर्ष

कर्जदारास कायद्याने दिलेली बहुतेक संरक्षणे आपोआप मिळत नाहीत, ती मागावी लागतात. गैरहजेरीने कर्ज कमी होत नाही. बचाव, हप्त्यांची सवलत व मुदत मात्र हातची जाते. १८७९ मध्ये कायद्याने अनुपस्थित शेतकऱ्याच्या वतीने न्यायालयास प्रश्न विचारण्यास भाग पाडले होते. आज तो प्रश्न विचारण्यासाठी कर्जदाराने व जामीनदाराने स्वतः उभे राहिले पाहिजे. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून समन्स, तारीख व मुदत या तीन गोष्टींची माहिती गावोगाव पोहोचविल्यास कपाटात पडून राहणारे अनेक कागद वेळेत वकिलाच्या हाती जातील.